पेंटरची जखम भरेना

कपडे शिवायच्या कारखान्याच्या मागच्या फाटकाला लागून एक चिंचोळी खोली होती. शिफ्ट सुटली की बायका त्या खोलीतून एकेक करून बाहेर पडायच्या. तिथे निळा युनिफॉर्म घातलेली एक बाई उभी असायची. ती त्यांच्या पिशव्या उघडून बघायची, जेवणाचे डबे हलवून बघायची, खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत हात फिरवायची आणि "जा" म्हणायची. कधी कात्री सापडायची, कधी बटणांचं पाकीट, कधी कमरेला गुंडाळलेला अख्खा शर्ट. तोंडावर सगळ्या तिला चेकरबाई म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही तिला ठाऊक होतं, पण ते मनाला लावून घेणं तिने कधीच सोडून दिलं होतं.

काम आवडीचं नव्हतं, पण हातात बसलं होतं. जिने काही उचललंय ती बाई जरा जास्तच बोलते, हे तिला अनुभवाने कळलं होतं. उगाच हसते, "काय चेकरबाई, आज चेहरा का उतरलाय?" म्हणून चौकशी करते. मग चेकरबाईचा हात बरोबर त्या पिशवीच्या तळाशी जायचा.

घरी मात्र ही विद्या चालत नव्हती. कारण तिचा नवरा बारा महिने जास्तच बोलायचा.

तो पेंटर होता. चित्रं काढणारा नव्हे, घरं रंगवणारा. भिंतीतल्या भेगांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पॉलिश पेपर मारायचा, मग रंगाचा एक हात, मग दुसरा हात. काम चोख, आणि जीभ त्याहून चोख. शिडीच्या घोडीवर चढून छताला ब्रश लावता लावता तो खालच्या घरमालकिणीला असं काही बोलण्यात गुंतवायचा, की ती बिचारी स्वतःचा चहा विसरून त्याच्यासाठी दुसरा टाकायची. चार चमचे साखर घालून. कारण पेंटरने आधीच सांगितलेलं असायचं, "ताई, कमी गोड चहा प्यायला की माझा हात थरथरतो, मग रंग तुमच्या पडद्यावर."

साखरेचा आजार निघाला तेव्हा तो चाळिशीत होता. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं, विडी बंद सांगितली, गोळ्या दिल्या. त्याने सगळ्याला मान डोलावली. मग ब्रशांच्या पेटीत बिस्किटं सापडू लागली. कामाच्या पॅन्टच्या खिशात केकचा चुरा. चेकरबाईने धरलं की तो हात जोडायचा, "चुकलो सरकार," आणि वर म्हणायचा, "माझं रक्त गोड आहे म्हणून तर तू एवढी वर्षं टिकलीस." तिला हसू यायचं. ते आवरत ती चार शब्द सुनवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संसारात हा एक खेळच होऊन बसला होता. लेक लहानपणी खबऱ्याचं काम करायची आणि दोन्हीकडून खाऊ उकळायची.

खेळ होता तोवर ठीक होतं. पायाला आधी मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. पेंटर खूश. "बघ, पाय बरा झाला." घोडीच्या पायरीवर तासन् तास उभं राहायचं, सगळा भार अंगठ्यामागच्या मांसल भागावर, आणि खाली काय दुखतंय, काय फाटतंय, हे कळायला पायात जाणीवच उरली नव्हती. एक दिवस त्याच्या मोज्यावर तांबडा डाग दिसला. तो तेव्हा लोखंडी खिडक्यांना तांबडा प्रायमर मारत होता. चेकरबाईला वाटलं, तोच सांडला असेल. तिने मोजा साबण लावून घासला, दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशीही घासला. डाग सहज निघतोय, प्रायमर असा निघत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच विचारत राहिली, की बायकांच्या चपलांच्या आत बोट घालून बघणाऱ्या आपल्याला नवऱ्याचा तळवा एकदा उलटा करून बघावासा का वाटला नाही.

ताप भरला, पाय गुडघ्यापर्यंत सुजला, तेव्हा हॉस्पिटल. तळव्याला पडलेलं भोक आत हाडापर्यंत गेलं होतं. सर्जन तरुण बाई होती, फटकळ पण मायेची. तिने सगळं बघितलं आणि म्हणाली, "काकू, बोटं काळी पडलीत. पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल. आज काढलं तर टाच राहील."

टाच राहिली. अर्धं पाऊल गेलं.

पेंटर घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याची खाट. पायाखाली उशी, पायावर बँडेजचं गाठोडं. ड्रेसिंगला दिवसाआड हॉस्पिटलात जायचं. चेकरबाईने सर्जनने सांगितलेलं सगळं पाठ केलं होतं. पायावर भार द्यायचा नाही, संडासला जायचं तर वॉकर घेऊन, विडी नाही म्हणजे नाही, सकाळ-संध्याकाळ बोट टोचून साखर बघायची, इन्सुलिन वेळेवर. पेंटरने विडीचं बंडल तिच्या देखत खिडकीतून खाली टाकलं. चहा बिनसाखरेचा मागितला.

"आता खरंच सोडलं बघ," तो म्हणाला.

तिने "बरं" म्हटलं. पण तिला ते खरं वाटलं नाही. कसं वाटणार? "आता खरंच सोडलं" हे वाक्य तिने त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याचा अर्थच झिजून गेला होता.

आणि जखम भरेना. टाके काढल्यावर एका टोकाला चीर उघडी राहिली. तिची कड आधी पांढुरकी झाली, मग काळपट. ड्रेसिंग करणारी सिस्टर दर खेपेला कापसाने पुसायची आणि नवी पट्टी बांधायची. साखर मोजायच्या यंत्रावरचा आकडा तर नुसता नाचत होता. कधी तीनशेच्या पुढे, कधी एकदम खाली, पुन्हा वर. सर्जन कागद बघून भुवया उंचवायची. "काका, पथ्य पाळताय ना?"

"शंभर टक्के, डॉक्टर."

चेकरबाई खाली बघायची. जो जास्त ठासून सांगतो त्याची पिशवी आधी उघडायची, हे तिचं कामच होतं.

तिने घरातली साखर उचलून वरच्या फळीवर ठेवली. बिस्किटं घरात आणणंच बंद केलं. कामाला जाताना ती त्याच्या दुपारच्या जेवणाचा डबा खाटेजवळच्या स्टुलावर ठेवून जायची. त्यात दोन उकडलेली अंडी, थोडा भात, डाळ, भाजी. संध्याकाळी आली की डबा रिकामा. मग ती चपला काढायच्या आधी त्याचं बोट पुढे ओढायची, टोचायची. आकडा मोठा आला की तिचं तोंड बंद. गादीखाली हात घालून बघायची, उशीची खोळ चाचपायची, खिडकीच्या गजांबाहेर वाकून बघायची. पेंटर नुसता बघत राहायचा. पूर्वी अशा वेळी त्याला दहा विनोद सुचले असते.

रविवारी लेक यायची. तिने एकदा हे बघितलं आणि आईला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, तू त्यांना कैद्यासारखं वागवतेस."

"मग आकडा बघ की. हवा खाऊन वाढतो का आकडा?"

"ते म्हणतायत नाही खात, तर नसतील खात."

"तुझा बाप मला विचारून खोटं बोलतो का?"

 लेकीलाही ब्रशांची पेटी आठवत होती.

पेंटरची थोरली बहीण भेटायला आली, तिने आणखी एक भर घातली. "अंडं अजिबात देऊ नकोस गं त्याला, जखमेत पू धरतो. डाळही नको. नुसतं हलकं द्यायचं." चेकरबाईने ते कानाआड केलं, कारण सर्जनने अंडी द्या म्हणून बजावलं होतं. पेंटरने मात्र ते ऐकून ठेवलं.

मग मुंग्यांचा प्रकार झाला. त्या दिवशी ती घरी आली तर स्वयंपाकाच्या ओट्यापासून खाटेपर्यंत मुंग्यांची रांग. खाटेच्या चादरीवर साखरेचे कण. पेंटरच्या ओठाच्या कोपऱ्यातही. वरच्या फळीवरचा डबा खाली ओट्यावर, झाकण उघडं. एवढ्या उंचीवर त्याचा हात पोचायचा तर त्याला पायावर उभं राहावं लागलं असणार. दुहेरी गुन्हा.

"मला चक्कर आली होती," तो म्हणाला. आवाज बारीक होता, अंगावरचा गंजीफ्रॉक ओलाचिंब.

"हो, साखर बघितली की येतेच तुम्हाला चक्कर."

"अगं, खरंच..."

"पाय गेला, पण जीभ काही गेली नाही तुमची."

 पेंटरने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने बोट टोचलं, आकडा भलामोठा आला, आणि तिला वाटलं, झालं, आता पुरावाही मिळाला.

त्यानंतर पेंटरने तिच्याशी वाद घालणं सोडलं. संध्याकाळचं जेवण वाढलं की चार घास खाऊन ताट सरकवायचा. "दुपारचं अजून पोटात आहे." गालफडं बसली, हाताची कातडी सैल पडली. चेकरबाईला वाटायचं, आजारच असा आहे, माणूस वाळतोच. खोलीत एक कुबट, आंबूस वास भरून राहिला होता. तो जखमेचा असणार असं धरून ती फिनाइलने फरशी पुसायची. वास जाईना, तशी ती पुन्हा पुसायची.

पुढच्या खेपेला सर्जनने रक्ताचा रिपोर्ट समोर धरला.

"काकू, काका जेवतात का?"

"जेवतात की. मी स्वतः डबा भरून जाते. रोज दोन अंडी."

"तुम्ही बघता खाताना?"

"मी शिफ्टला असते. पण डबा रिकामा असतो."

सर्जनने कागद खाली ठेवला. "यांच्या रक्तात प्रथिनं इतकी कमी आहेत, की हा माणूस महिनाभर उपाशी असावा असं वाटतं. किडनी तपासली, ती ठीक आहे. पोटात अन्न जात असेल तर हा रिपोर्ट असा यायला नको."

पेंटर व्हीलचेअरवर बसून आपल्या नखांकडे बघत होता.

चेकरबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण चुकीच्या खोलीत. तिला वाटलं, हा जेवण कुणाला तरी देऊन टाकतोय आणि त्या बदल्यात गोडधोड मागवून खातोय. दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली आणि सकाळीच घर उपसायला काढलं. पेंटरला खुर्चीत बसवलं. गादी उलटी केली, कपाट रिकामं केलं. मग खाटेखालून त्याचं कामाचं सामान एकेक करून बाहेर ओढलं. रोलर, ब्रशांची पेटी, जुन्या चादरी, आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, लांबीची प्लॅस्टिकची बादली. घट्ट झाकणाची. उचलली तर जड.

"ती राहू दे," पेंटर पहिल्यांदाच बोलला.

तिने स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटलं. वासाचा असा लोट आला की ती मागे सरकली. मग नाकाला पदर लावून वाकली.

आत भात होता. बुरशीने हिरवा-काळा झालेला, थरावर थर. त्यात अंडी, सोललेली, निळसर पडलेली. भाजी, डाळीचे वाळके पोपडे. तिनेच शिजवलेलं, तिनेच भरून ठेवलेलं. गोडाचा एक कणही नव्हता.

"हे काय आहे?"

"लांबी," पेंटर म्हणाला. जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं. पण दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

"अहो, हे काय आहे?"

"फेकायचं होतं. कचरेवाला सकाळी येतो, तेव्हा तू घरात असतेस. खिडकीतून टाकलं तर खालचे ओरडतात. मग साठत गेलं."

"पण का? खायला काय झालं होतं?"

 तो बोलू लागला तो तिच्याकडे न बघता. "जेवलो की आकडा चढतो. तू येतेस, चपला काढायच्या आधी सुई टोचतेस. आकडा मोठा आला की तुझं तोंड असं होतं. मी चोरून काही खाल्लेलं नसायचं गं. आई शप्पथ, डॉक्टरने सांगितलं तेवढंच. तरी चढायचा. एकदा दुपारी जेवलोच नाही, तर आकडा उतरला. तू म्हणालीस, 'बघा, मनावर घेतलं की जमतं.' चहा केलास आणि इथे बसलीस माझ्याजवळ. मला वाटलं, हे सोपं आहे की."

"आणि ती साखर?"

"इन्सुलिन घेतलेलं, पोटात काही नाही. घामाने अंघोळ झाली, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधार. वाटलं, आता संपलो. ओट्यापर्यंत कसा गेलो मला माहीत नाही. खाल्ली. मूठभर खाल्ली साखर." त्याने गंजीच्या कडेने नाक पुसलं. "नंतर तू म्हणालीस तेही बरोबरच होतं. आतापर्यंत मी तुला कधी खरं सांगितलंय?"

चेकरबाई खाली फरशीवर बसली. भोवती रोलर, ब्रश, चादरी, मध्ये ती बादली. कारखान्यात कुणाच्या कमरेला शर्ट सापडला की ती बाई रडायला लागायची, पाया पडायची, आणि चेकरबाई शांतपणे सुपरवायझरला हाक मारायची. इथे कुणाला हाक मारायची ते तिला कळेना.

ती उठली. बादली खाली नेली, रिकामी केली, नळाखाली धरून घासली आणि कचऱ्याच्या ढिगाजवळच सोडून आली. वर येऊन गॅस पेटवला, दोन अंडी उकडायला ठेवली. सोलताना बोटं भाजत होती तरी थांबली नाही. एक त्याच्या हातात दिलं, दुसरं तिने स्वतः तोंडात टाकलं, कारण सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं. मीठ घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

"ताई म्हणते पू होतो," तो घास घोळवत म्हणाला.

"तुमच्या ताईंना मी बघते."

दुसऱ्या दिवशी तिने सर्जनला सगळं सांगितलं, बादलीसकट. सर्जन रागावेल असं वाटलं होतं. पण सर्जनने चष्मा काढून डोळे चोळले.

"काका, इन्सुलिन टोचून उपाशी राहत होतात म्हणजे जिवावरच उदार झाला होतात. वाचलात हेच खूप. आणि काकू, आकडा फक्त गोड खाऊन चढत नाही. शरीरात जंतू असले की चढतो. दुखलं, ताण आला, झोप नसली तरी चढतो. साखर एकदम उतरली की ती सावरायला शरीर स्वतःच वर ढकलतं. त्यात वरून मूठभर साखर. तुम्ही बघत होतात तो आकडा चोरीचा नव्हता." मग पेंटरकडे वळून म्हणाली, "जखम भरायची म्हणजे नवं मांस तयार व्हायला हवं. ते कशातून होणार? समजा, तुम्हाला एखादी भिंत रंगवायचीय..."

"भिंतीचं राहू द्या डॉक्टर," पेंटर म्हणाला. "भिंतीचं मला कळतं. पायाचं सरळ सांगा."

तिने सरळ सांगितलं. नवा एक्स-रे चांगला नव्हता. उरलेल्या पावलातल्या हाडात जंतू शिरले होते. शिवाय रक्तवाहिन्यांची तपासणी केली होती, त्यात घोट्याखाली रक्त जेमतेम पोचत होतं. काही आठवडे नीट जेवून, औषधं घेऊन बघू. नाहीच झालं तर गुडघ्याखाली कापावं लागेल.

ते आठवडे चेकरबाईने दुपारची शिफ्ट मागून घेतली. सकाळी न्याहारी तिच्यासमोर, अकराला अंडी आणि भात तिच्यासमोर. ती निघाली की शेजारची रिटायर्ड शिक्षिका येऊन बसायची आणि दूध पाजायची. पेंटरला जेवण जात नव्हतं. महिनाभर पोट आवळून धरल्यावर घास नरड्यातच अडायचा. कधी ओकायचा. चेकरबाई भांडं धरायची, पाठ चोळायची, अर्ध्या तासाने पुन्हा चमचा पुढे करायची. आता आकडा मोठा आला तरी ती "असू दे" म्हणायची. पण "असू दे" म्हणताना तिचा जबडा घट्ट होतो हे पेंटरला दिसायचं, आणि त्याला दिसतंय हे तिला कळायचं. एका बादलीने सगळं निवळेल एवढं ते सोपं नव्हतं.

कारखान्यातही तिचा हात चालेना. बायका पिशव्या उघडून उभ्या राहायच्या आणि ती नुसती बघायची. रांग अंगणापर्यंत जायची. सुपरवायझर ओरडला, "बाई, झोपलात का?" तिने पुन्हा हात चालवायला सुरुवात केली. पोट त्यावरच होतं.

त्याच्या अंगावर थोडं मांस आलं, रक्ताचा रिपोर्ट सुधारला. जखमेची वरची कड गुलाबी झाली तेव्हा सिस्टर पहिल्यांदा हसली. पण आतून पाणी झिरपायचं थांबेना. एका सकाळी टाच गार लागली, रंग उडालेला. सर्जनने दोघांना समोर बसवलं.

पेंटरने एकच प्रश्न विचारला. "मी जेवलो असतो तर पाय राहिला असता?"

चेकरबाई सर्जनच्या तोंडाकडे बघत राहिली. उत्तर "हो" आलं तर त्या "हो"चं ओझं आपल्याच डोक्यावर येणार, हे तिला माहीत होतं, आणि आतून कुठेतरी तिला ते हवंही होतं.

"सांगता येणार नाही," सर्जन म्हणाली. "जेवला असतात तर संधी जास्त होती. पण पावलात रक्त आधीच कमी होतं, इतकी वर्षं विडी ओढलीत. हाडात जंतू होते. पाय बधिर होऊन वर्षं झाली होती. एकाच कारणावर बोट ठेवून मी तुम्हाला सोडवू शकत नाही, आणि अडकवूही शकत नाही. एवढं मात्र सांगते, गुडघ्याखाली रक्त चांगलं येतंय. आणि आता तुमच्या अंगात भरून काढायची ताकद आहे. महिन्यापूर्वी हे ऑपरेशन करायला मी धजावले नसते."

पेंटरने बायकोकडे बघितलं. "तू सांग."

"मी काय सांगू?" तिचा आवाज फाटला. "मी आतापर्यंत सांगितलं ते सगळं..."

"मग मीच सांगतो. कापा." आणि लगेच, सर्जनकडे बोट करून, "पण बाई, कापताना सरळ रेषेत कापा. वाकडी किनार मला खपत नाही."

ऑपरेशन झालं. ते दिवस वाईट गेले. नसलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणून तो ओरडायचा, आणि ती काही नसलेल्या जागी चादरीवर हात फिरवत बसायची, का ते तिचं तिलाच कळत नव्हतं. कधी तो दिवसभर बोलायचा नाही. एकदा लेकीवर खेकसला, ताट भिंतीवर फेकलं, आणि मग भिंतीवरच्या डागाकडे बघून पोरासारखा रडला. सर्जनने मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. "जखम भरायला डोकंही ताळ्यावर लागतं," ती म्हणाली. पेंटरने त्या गोळ्या मुकाट घेतल्या.

ही जखम भरली. फार हळू भरली, एका जागी टाका उसवला, पुन्हा शिवला, पण भरली. सिस्टरने शेवटचं बँडेज काढलं तेव्हा आत गुळगुळीत, फिकट कातडी होती. पेंटरने त्यावरून अंगठा फिरवला.

आता तो कृत्रिम पाय लावतो. पाय चावतो म्हणून तक्रार करतो, तरी लावतो. घोडीवर चढणं संपलं. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात तो दुपारी खुर्ची टाकून बसतो, आणि गिऱ्हाइकांना कुठल्या खोलीला कुठली छटा द्यायची ते सांगतो. दुकानदार म्हणतो, पेंटर आल्यापासून लोक अर्धा तास जास्त थांबतात आणि एक डबा जास्त नेतात.

परवा सकाळी चेकरबाई पाणी भरत होती, तेव्हा पुढच्या खोलीतून हाक आली.

"अगं, इकडे ये. हे बघ."

तो खाटेवर बसला होता, उरलेला पाय गुडघ्यावर घेऊन. करंगळीच्या कडेला एक लाल चट्टा होता, वाटाण्याएवढा. "काल नव्हता. नव्या चपलेचा पट्टा घासला असेल. दुखत काही नाही, पण मला दुखणारच नाही ना."

 तिच्या मनात पहिलं आलं ते असं, की कालपासून असेल आणि आज सांगत असेल. तिने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता, तिच्या मनात काय आलंय ते वाचत.

"कालपासून नाही," तो म्हणाला. "आजच."

"मी कुठे काय म्हटलं?"

तिने शिफ्ट बुडवली. दोघं हॉस्पिटलात गेले, सर्जनच्या दारासमोरच्या बाकावर बसले. रांग मोठी होती. पेंटरने शेजारच्या म्हाताऱ्याला आपला चट्टा दाखवला, त्याचा तळवा वळवून बघितला, त्याच्या सुनेला आरसा धरून पाय कसा बघायचा ते समजावलं. आत सर्जनने चट्टा तपासला, कातडी फाटलेली नव्हती. चप्पल बदला, आठवडाभर चालणं बंद, रोज सकाळी बघा, जरा रंग बदलला तर लगेच या. पेंटरने मान डोलावली.

चट्टा फिका पडतोय. चेकरबाई पुन्हा कामावर जाते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाच्या खोलीतून घरी फोन करते. "जेवलात?" तो सांगतो, काय खाल्लं, किती खाल्लं, दूध संपवलं, शिक्षिकाबाईंनी आणलेलं दही मात्र आंबट होतं. लांबलचक सांगतो, रंगवून सांगतो. भिंतीला टेकून ती ऐकते, आणि बहुतेक दिवस त्यावर विश्वास ठेवते.